उघड्या दारासमोरचा कॅमेरा

"तुमचं घर झपाटलेलं आहे असं तुम्हाला का वाटतं?"

ऑडिशनला आलेल्या मुलामुलींना दिग्दर्शक पहिलाच प्रश्न हा विचारायचा. हातात संवादांचा कागद नाही, कथेची कल्पना नाही. आपण एका भुताटकीच्या घरात राहतो असं धरून चालायचं आणि सुचेल ते बोलायचं. शेकडो जण येऊन गेले. त्यातून निवडली गेली केटी फेदरस्टन आणि मायका स्लोट ही दोन नवखी नावं. चित्रपटातल्या पात्रांनाही मग त्यांचीच नावं दिली गेली, आणि दोघांच्या हातावर सुरुवातीला प्रत्येकी ५०० डॉलर टेकवले गेले. चित्रपट होता 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी'. सुमारे १५ हजार डॉलरमध्ये, म्हणजे त्या वेळच्या दराने पावणेसात लाख रुपयांच्या आसपास, तो तयार झाला. पुढे जगभरातून त्याने १९ कोटी डॉलरहून जास्त कमावले.

ही कमाईची गोष्ट अनेकदा सांगितली जाते. पैसा नसल्यामुळे त्या चित्रपटात काय आलं, हे मात्र क्वचित सांगितलं जातं, आणि खरी मोलाची गोष्ट तीच आहे. भूत दाखवायला पैसे लागतात. ते नसतील तर कॅमेऱ्यासमोर उरतात फक्त माणसं. झपाटलेल्या घराचा 'तपास' करणारे जे थोडे चित्रपट खरोखर अंगावर येतात, ते याच कारणाने येतात: त्यांत भुताचा शोध घेता घेता घरातल्या माणसांचा थांग लागतो.

दिग्दर्शक ओरेन पेली यांचा जन्म इस्रायलचा. तरुणपणी ते अमेरिकेत आले आणि सॉफ्टवेअर व व्हिडिओ गेम्सचं प्रोग्रॅमिंग करून पोट भरू लागले. चित्रपटाचं शिक्षण नाही, कुणाच्या हाताखाली केलेली उमेदवारी नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोमध्ये त्यांनी घर घेतलं. नव्या घरात रात्री बारीकसारीक आवाज येत. एखादी वस्तू जागची हलल्यासारखी वाटे. झोपेत काय घडतं ते पाहायला कॅमेरा लावून ठेवला तर, असा विचार मनात आला आणि त्याचीच पुढे कथा झाली. लहानपणी भुतांच्या गोष्टींना ते फार घाबरत, हे त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे.

चित्रीकरणासाठी वेगळी जागा घेण्याचा प्रश्नच नव्हता. पेली यांनी आपल्याच घराची डागडुजी सुरू केली. भिंती रंगवल्या, फर्निचर आणलं, गालिचा काढून लाकडी जमीन करून घेतली. या तयारीत जवळजवळ वर्ष गेलं. चित्रीकरण मात्र ऑक्टोबर २००६ मध्ये सात दिवसांत उरकलं. कॅमेरा घरगुती वापराचाच, थोडा बऱ्या दर्जाचा. मदतीला मैत्रीण आणि एक मित्र. बहुतेक वेळा कॅमेरा एकतर ट्रायपॉडवर किंवा मायकाच्या हातात असल्यामुळे कॅमेरामनची गरजच उरली नाही. संवाद लिहिलेले नव्हते. प्रसंग समजावून सांगायचा आणि दोघांना बोलू द्यायचं, अशी पद्धत होती. संकलन आणि दृश्यांची करामत पेली यांनी घरच्या संगणकावर केली.

आता ते गाजलेलं दृश्य जरा जवळून पाहू. बेडरूम आहे. चौकटीत उजवीकडे पलंग, त्यावर झोपलेलं जोडपं. डावीकडे सताड उघडं दार आणि त्यापलीकडे अंधारा पॅसेज. रात्रीच्या चित्रणाचा निळसर-करडा रंग सगळ्यावर पसरलेला. कोपऱ्यात घड्याळाचे आकडे. आकडे भराभर पळू लागतात, झोपलेली माणसं कुशीवर वळताना झरझर हलतात. मग आकडे एकदम नेहमीच्या गतीवर येतात. म्हणजे आता काहीतरी होणार.

कॅमेरा हलत नाही. क्लोज-अप नाही. इथे बघा, असं सांगणारं पार्श्वसंगीत नाही. एरवी दिग्दर्शक प्रेक्षकाची नजर बोटाला धरून नेत असतो, इथे त्याने बोट सोडून दिलेलं आहे. मग डोळे स्वतःच चौकटभर फिरू लागतात: दार, पॅसेज, चादरीचं टोक, पुन्हा दार. ते दार दोन-तीन इंच हलतं आणि थांबतं. बस्स, एवढंच. पण तोपर्यंत तपासाचं काम प्रेक्षकाच्या अंगावर पडलेलं असतं, आणि स्वतः शोधून काढलेली भीती दुसऱ्याने दाखवलेल्या भीतीपेक्षा कितीतरी पटीने जास्त लागते.

एका रात्री केटी झोपेतून उठते, पलंगाच्या कडेला उभी राहते आणि झोपलेल्या मायकाकडे पाहत राहते. आकडे पळतात. एक तास जातो, दुसराही सरत येतो, ती तशीच उभी. या दृश्याला खर्च शून्य. एक मुलगी, एक पलंग आणि वेग वाढवलेलं चित्रण. मोठ्या स्टुडिओच्या भयपटांत कोट्यवधी खर्चून उभे केलेले राक्षस आज कुणाला आठवत नाहीत, ही उभी मुलगी आठवते.

दुसरं हत्यार आवाजाचं. काही घडण्याआधी खालच्या खर्जातली एक घुमघुम सुरू होते. पहिल्या रात्री तिच्याकडे लक्षही जात नाही. तिसऱ्या-चौथ्या रात्री ती नुसती सुरू झाली तरी पोटात गोळा येतो.

खर्जातल्या कंपनांचं आणि भुताटकीचं नातं चित्रपटाबाहेरही आहे. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री इथले अभियंते विक टँडी ज्या प्रयोगशाळेत काम करत, ती झपाटलेली आहे अशी तिथे कुजबुज होती. एका रात्री काम करताना त्यांना घाम फुटला, उदास वाटू लागलं, आणि डोळ्याच्या कडेला एक करडी आकृती दिसल्यासारखं झालं. वळून पाहिलं तर काही नाही. दुसऱ्या दिवशी ते तलवारबाजीच्या सामन्यासाठी आपलं पातं दुरुस्त करायला घेऊन आले. शिकंज्यात अडकवलेलं ते पातं आपोआप थरथरू लागलं. दुसरा कुणी घाबरून पळाला असता. टँडी यांनी ते पातं खोलीत सरकवत नेलं, थरथर कुठे वाढते आणि कुठे थांबते याची नोंद केली. गुन्हेगार निघाला नव्याने बसवलेला हवा बाहेर फेकणारा पंखा. त्यातून सेकंदाला सुमारे १९ कंपनांची, म्हणजे माणसाला ऐकू न येणारी लहर खोलीत उभी राहत होती. पंख्याची बसवणी बदलली आणि 'भूत' गेलं. १९९८ मध्ये त्यांनी हे रीतसर प्रसिद्ध केलं. अशा लहरींचा माणसावर नेमका किती परिणाम होतो याबद्दल नंतरच्या संशोधकांत एकमत नाही. पण झपाटलेल्या जागेचा तपास कसा करावा याचा टँडी यांच्याइतका सुंदर नमुना शोधून सापडणार नाही. पेली यांच्या चित्रपटातली घुमघुम कानांना ऐकू येते, म्हणून ती वेगळी. तरी छातीत धडकी भरवायला खर्ज पुरतो, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं.

चित्रपटातला मायकाही तपासच करतो. नवा कॅमेरा, मायक्रोफोन, संगणकावर आवाजाचे आलेख, आणि एका रात्री पॅसेजमध्ये पसरलेली पावडर. सकाळी त्या पावडरीत माणसाची नसलेली पावलं उमटलेली दिसतात. ही युक्ती मायकाची म्हणून खपते, पण तिचं कूळ जुनं आहे. विसाव्या शतकातले ब्रिटिश भूतशोधक हॅरी प्राइस यांच्या पेटीत मोजपट्टी, थर्मामीटर, कॅमेरा, आवाज न करणारे नमद्याचे बूट आणि ठसे उमटवण्यासाठी ग्राफाइटची पूड असे. इसेक्समधली बोर्ली रेक्टरी, म्हणजे तिथल्या पाद्र्याचं निवासस्थान, त्यांनी १९३७ मध्ये वर्षभरासाठी भाड्याने घेतलं. लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये जाहिरात देऊन ४८ निरीक्षक नेमले आणि कसं पाहायचं, काय लिहायचं याची छापील पुस्तिका त्यांच्या हाती दिली. १९३९ मध्ये ती वास्तू आगीत जळाली. १९५६ मध्ये तीन संशोधकांनी प्राइस यांच्या नोंदींची चिरफाड करून त्यांच्या सचोटीवरच गंभीर शंका घेतल्या. उपकरणं चोख असली तरी उपकरणं लावणाऱ्याचा हेतू चोख असेलच असं नाही.

मायकाचा हेतू काय? चित्रपटाचा जीव इथे आहे. केटी त्याला सांगते की हे आठ वर्षांची असल्यापासून तिच्या मागे लागलेलं आहे. सल्ल्यासाठी बोलावलेला जाणकार स्पष्ट बजावतो की घर बदलून उपयोग नाही, कारण ते घराला नव्हे, केटीला चिकटलेलं आहे, आणि त्याला डिवचू नका. भुतांशी बोलण्यासाठी वापरतात तो विजा बोर्ड घरात आणू नकोस, असं केटी परोपरीने विनवते. मायका तो आणतो. 'मी विकत आणणार नाही' असं वचन दिलं होतं, म्हणून तो उसना आणल्याचं समर्थन करतो. कॅमेरा बंद कर, असं ती कितीदा तरी म्हणते. तो करत नाही. एक घाबरलेली बाई समोर रडते आहे आणि तिचा जोडीदार ते नीट फ्रेममध्ये येतंय ना, हे पाहतो आहे. दार हलण्यापेक्षा हे जास्त भयानक आहे, आणि त्याला कुठलंही भूत लागत नाही.

महाराष्ट्रात भानामतीच्या तक्रारींचा छडा लावणाऱ्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना हे चटकन ओळखू येईल. घरावर दगड पडतात, दांडीवरचे कपडे पेटतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात, शिजलेल्या अन्नात माती निघते. गाव देवऋषीकडे धावतं. कार्यकर्ते मात्र घरातल्या एकेकाला वेगळं बसवून शांतपणे बोलतात. बहुतेक वेळा मागे घरातलंच, कोंडमारा झालेलं कुणीतरी निघतं: सासुरवाशीण, नको असलेल्या लग्नाच्या धास्तीतली मुलगी, दबलेला पोरगा. त्या व्यक्तीचं नाव चारचौघांत फोडायचं नाही, तिचं दुखणं ऐकून घ्यायचं, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं, ही रीत. कॅमेऱ्यापेक्षा कान इथे जास्त कामाला येतात. मायकाकडे नेमकं तेच नव्हतं.

याच धाग्याचा एक मोठा पूर्वज ब्रिटिश टीव्हीवर होऊन गेला. ३१ ऑक्टोबर १९९२ च्या रात्री बीबीसी वनवर 'घोस्टवॉच' दाखवला गेला. स्टीफन व्होक यांचं लेखन, लेस्ली मॅनिंग यांचं दिग्दर्शन. आव असा की लंडनच्या नॉर्थोल्ट भागातल्या एका साध्या घरातून भुताटकीचं थेट प्रक्षेपण चालू आहे. स्टुडिओत मायकेल पार्किन्सन यांच्यासारखे घराघरात विश्वासाने पाहिले जाणारे सूत्रसंचालक, घरात मुलांच्या लाडक्या निवेदिका सारा ग्रीन, पडद्यावर फोन नंबर. प्रत्यक्षात सगळं काही महिने आधीच चित्रित झालेलं नाटक होतं. सुमारे १ कोटी १० लाख लोकांनी ते पाहिलं आणि बीबीसीचे फोन खणखणत राहिले. त्यानंतर बीबीसीने ते पुन्हा कधी दाखवलं नाही. कथेची प्रेरणा १९७७ मध्ये गाजलेल्या एनफिल्डच्या भुताटकीच्या घटनांमधून घेतलेली होती. तिथेही एकटी आई, लहान मुलं आणि साधं सरकारी घर होतं.

'घोस्टवॉच'मधला सर्वांत बोचरा क्षण भुताचा नाही. थोरली मुलगी सुझान स्वतःच ठोकण्याचे आवाज करताना कॅमेऱ्यात पकडली जाते. स्टुडिओत सुटकेचा निःश्वास: फसवणूक उघड झाली! पण तुम्हाला हेच हवं होतं ना, म्हणून मी केलं, अशा अर्थाचं ती रडत सांगते. तपास करणाऱ्यांना काहीतरी घडायला हवं होतं, मुलीने ते पुरवलं, आणि मग तीच खोटारडी ठरली. टीव्हीवर पीडितांच्या तोंडासमोर माइक धरणाऱ्या कुणालाही ही गोष्ट आज टोचायला हवी.

पेली यांचा चित्रपट लोकांपर्यंत पोचायला तीन वर्षं लागली. २००७ मध्ये स्क्रीमफेस्ट या भयपट महोत्सवात आणि २००८ मध्ये स्लॅमडान्स महोत्सवात तो दाखवला गेला. निर्माते जेसन ब्लम यांनी डीव्हीडी पाहिली आणि ते त्याच्या मागे लागले. ड्रीमवर्क्सने हक्क घेतले ते मोठे कलाकार घेऊन हीच कथा पुन्हा करण्यासाठी. आधी मूळ चित्रपट प्रेक्षकांना दाखवून पाहा, असा आग्रह ब्लम आणि पेली यांनी धरला. त्या खेळातून लोक मध्येच उठून जाऊ लागले. अधिकाऱ्यांना वाटलं, आवडला नाही. चौकशी केल्यावर कळलं की त्यांना बसवत नव्हतं. पुन्हा करण्याचा बेत तिथेच बारगळला. २५ सप्टेंबर २००९ रोजी पॅरामाउंटने तो अमेरिकेतल्या १३ कॉलेजच्या गावांत मध्यरात्रीच्या खेळांना लावला आणि तुमच्या गावात हवा असेल तर इंटरनेटवर मागणी नोंदवा, असं आवाहन केलं. दहा लाख मागण्या जमल्यावर तो देशभर गेला. जाहिरातीत चित्रपटाच्या दृश्यांइतकेच अंधारात दचकणारे प्रेक्षक दाखवलेले होते.

पुढचे भाग येत गेले, खर्च वाढत गेला आणि भुताला घराणं, इतिहास, पंथ असं सगळं मिळालं. स्पष्टीकरण वाढलं तशी धास्ती कमी झाली. अपवाद २०११ च्या तिसऱ्या भागाचा. त्याचा काळ १९८८ चा. घरातला माणूस टेबल फॅनची पाती काढून त्याच्या डोक्यावर व्हिडिओ कॅमेरा बसवतो. कॅमेरा सावकाश उजवीकडे वळतो, स्वयंपाकघर दिसतं. सावकाश डावीकडे वळतो, दिवाणखाना दिसतो. जे बघायचं आहे ते नेमकं चौकटीबाहेर जातं आणि पंखा परत वळेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नसतो. स्वस्तातल्या कल्पकतेचं याहून चांगलं उदाहरण या मालिकेत नाही. ब्लम यांनी मात्र धडा नीट गिरवला. कमी पैसे, दिग्दर्शकाला मोकळीक, या सूत्रावर त्यांच्या ब्लमहाउसने 'इन्सिडियस' काढला आणि ४५ लाख डॉलरच्या 'गेट आउट'ने २०१८ मध्ये सर्वोत्तम मूळ पटकथेचं ऑस्कर मिळवलं.

कमी पैशातल्या भयपटाची परंपरा आपल्याकडे त्याआधीची आहे. रामसे बंधूंनी अख्खं कुटुंब घेऊन महाबळेश्वर गाठलं आणि 'दो गज जमीन के नीचे' तिथे चित्रित केला, तो १९७२ साली. एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक ध्वनीवर, दोघे दिग्दर्शनावर, असं घरचंच मनुष्यबळ. पण रामसेंना भूत दाखवायचं होतं, मेकअपसकट. पेलींच्या वाटेने जाणारा हिंदी चित्रपट म्हणजे २०११ चा 'रागिनी एमएमएस', दिग्दर्शक पवन कृपलानी. मुंबईबाहेरचं एकाकी घर, ठिकठिकाणी लपवलेले कॅमेरे आणि त्या कॅमेऱ्यांची कल्पना नसलेली तरुणी. हेतू तपासाचा नव्हे, तिची चोरून फिल्म काढण्याचा. त्या घरातलं भूत मराठीत बोलतं. मी चेटकीण नाही, माझी मुलं मी मारलेली नाहीत, हे ते कळवळून सांगत राहतं. नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवर बाईला डाकीण ठरवून छळल्याच्या घटना ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना तो आवाज नुसता भयपटातला वाटत नाही. चित्रपट बाकी बराच सवंग आहे, पण हा आवाज खरा आहे.

'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' अजून पाहिला नसेल तर मोबाइलवर पाहू नये. अंधारा पॅसेज मोबाइलवर नुसता काळा पट्टा दिसतो आणि खर्ज तर ऐकूच येत नाही. शेवटाबद्दलही एक सांगायला हवं. चित्रपटगृहांत दाखवलेला, केटी थेट कॅमेऱ्यावर झेपावते तो शेवट स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या सूचनेवरून आला, आणि प्रेक्षक खुर्चीतून उडावा हे त्याचं काम तो चोख करतो. पेली यांच्या मूळ शेवटात ती हातात सुरी घेऊन तासन्‌तास पलंगाशी डोलत बसते, पोलीस येतात तेव्हा भानावर येते, गोंधळून मायका कुठे आहे असं विचारते, आणि गोळी खाऊन पडते. तिचं म्हणणं शेवटपर्यंत कुणीच ऐकत नाही. सात दिवसांत आणि १५ हजार डॉलरमध्ये पेली यांनी जी गोष्ट सांगायला घेतली होती, तिचा खरा शेवट हाच.